कुणाची डावी बाजू

सुई गेली आहे हे त्याला कळलं ती एका सुट्टीच्या दिवसाची दुपार होती. बायको गेल्यानंतर तिची मोठी बहीण घर लावून द्यायला येऊन राहिली होती, ती आदल्या आठवड्यात परत गेली होती. जाताना म्हणाली होती, सगळं जागच्या जागी आहे, तुम्ही कशाला हात लावू नका. त्याने लावला नव्हता. एक कप, एक ताट, एक टॉवेल एवढ्यावर त्याचं भागत होतं. पण त्या दुपारी शेजारी कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं, आणि त्या आवाजावर दुसरा कुठलातरी आवाज हवा एवढ्याचसाठी त्याने रेकॉर्ड प्लेयरचं झाकण उघडलं. हाताला आली ती रेकॉर्ड लावली. तबकडी फिरली, दांडा खाली आला आणि दोन्ही स्पीकरमधून नखाने पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला. त्याने दांडा उचलला. टॉर्च आणला, चष्मा कपाळावर सरकवला आणि खाली वाकून बघितलं. दांड्याच्या टोकाला कार्ट्रिज होतं. कार्ट्रिजच्या पोटातून केसाएवढी काडी बाहेर येते आणि काडीच्या टोकाला सुई असते. काडी नव्हती. ती असायची तिथे पिवळ्या फडक्याचा एक धागा लोंबत होता.

साध्या प्लेयरची सुई ओढून काढता येते आणि तिच्या जागी दुसरी बसवता येते. ही त्या जातीची नव्हती. हिच्या काडीच्या मागच्या टोकाला बारीक तारेची वेटोळी असतात, काडी हलली की ती लोहचुंबकांच्या मधे हलतात, आणि सगळं आतून असं जोडलेलं असतं की सुई गेली की सगळंच गेलं. ज्याच्याकडून घेतली त्याने तेव्हाच बजावलं होतं, हिला जपा, हिचा भाग सुटा मिळत नाही. त्याने जपली होती. आता त्याला राग आला. राग आल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि तो थोडा थांबून त्या रागाकडे बघत राहिला, कारण बऱ्याच दिवसांत काही आलं नव्हतं. बायको गेली त्या दिवशीही आलं नव्हतं. त्या दिवशी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, तुम्ही जरा बसा. तो बसलेलाच होता, म्हणून तो उभा राहिला. मग नर्सने सांगितलं. तो म्हणाला, बरं. पुढे कितीतरी दिवस त्याला त्या 'बरं'चं नवल वाटत होतं. माणूस दुकानात सुटे नाहीत म्हटल्यावर 'बरं' म्हणतो, तसा तो म्हणाला होता.

संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. जेवलात का, झोप लागते का, पाण्याचं बिल भरलंत का, असं सगळं विचारून झालं. ती त्याच्यापेक्षा मोठी, तो तिला ताई म्हणायचा, ती त्याला भाऊजी. तो गाण्याबद्दल काही बोलेल असं तिला वाटलं असावं, कारण मग तिनेच विषय काढला.

"ते तुमचं गाण्याचं मशीन बघितलंत का भाऊजी? लख्ख केलंय. त्या दांड्याच्या टोकाला केवढा मळ होता. चिकटून बसला होता मेला, निघता निघेना. काढला शेवटी."

"बघितलं," तो म्हणाला. "स्वच्छ झालंय."

"तिला कुठे वेळ व्हायचा," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला, म्हणून त्याने पाण्याच्या बिलाची गोष्ट पुन्हा काढली.

तो वजनकाटे तपासायच्या खात्यात होता. दुकानांतले, गोदामांतले, औषधवाल्यांचे काटे त्याच्या टेबलावर यायचे. तो प्रमाण वजनं चिमट्याने उचलून त्यांच्यावर ठेवायचा आणि काटा खरा की खोटा ते सांगायचा. घरीही त्याचा तसाच लौकिक होता. सुईचा भार किती ग्रॅम असावा, प्लेयर जमिनीला समांतर आहे का, स्पीकर एकमेकांपासून किती अंतरावर आणि ऐकणाऱ्याची खुर्ची नेमकी कुठे, हे त्याने दोरी धरून ठरवलेलं होतं. खोलीत अशी बरोबर जागा एकच असते. त्या जागी त्याची खुर्ची होती. बायकोची खुर्ची समोर, दोन स्पीकरच्या मधे, खिडकीखाली. तिला विणायला मागून उजेड लागायचा. सुट्टीच्या सकाळी असे ते समोरासमोर बसायचे, तो डोळे मिटून, ती विणत. मुलगी लहान होती तेव्हा म्हणायची, बाबा आईच्या दवाखान्यात बसलेत.

मुलीच्या बोलण्यात तथ्य होतं. बायको दातांच्या लॅबमध्ये होती. दंतवैद्य तोंडाचे साचे पाठवायचे आणि त्यावरून ती दात, दाढा, कवळ्या घडवायची. तिचा हात एवढा स्थिर होता की भरलेला कप घेऊन ती जिना चढायची. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, चेहरेही नीट राहत नसत, दात राहायचे. बसमध्ये एखादा गृहस्थ जांभई द्यायचा आणि ती याच्या कानाला लागायची, वरची कवळी माझी. एका गाणारीची रेकॉर्ड पहिल्यांदा लावली तेव्हा ती विणता विणता म्हणाली, हिच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. पुढे कधीतरी त्या बाईचा फोटो छापून आला. ती हसत होती, आणि फट होती.

कार्ट्रिजची दुकानं आता फारशी उरली नव्हती. एक सापडलं, चष्म्यांच्या दुकानावर, लाकडी जिन्याने वर. दुकानदार जाडा, बोलका आणि घाई नसलेला होता. याने प्लेयरच्या दांड्याचं पुढचं टोक, कार्ट्रिजसकट, काढून काड्यापेटीत कापसात ठेवून नेलं होतं. दुकानदाराने पेटी उघडली आणि अरेरे केलं, पण ते सवयीचं होतं. त्याने विचारलं, फडकं का मांजर? फडकं, हा म्हणाला. दुकानदार म्हणाला, मांजर परवडलं, निदान मांजर आपण चांगलं काम केलं असं म्हणत नाही. मग त्याने दोन रस्ते सांगितले. एक, नवं घ्या. दुसरा, जुनं दुसऱ्या गावी पाठवा, तिथे एकजण आहे, तो भिंगाखाली नवी काडी आणि नवी सुई बसवून देतो, वेटोळी तीच राहतात. पण वेळ लागतो आणि आवाज तोच येईल असं कुणी लिहून देत नाही. शिवाय इतकी वर्षं वाजलंय म्हणजे सुई तशीही झिजलेलीच असणार. रोज बघणाऱ्याला कळत नाही.

"तुम्हाला हवं कसं ते सांगा," दुकानदार म्हणाला.

"पहिल्यासारखं."

"ते सगळेच म्हणतात. पहिलं कसं होतं?"

हे त्याला सांगता येईना. किती भाराने चालायचं ते त्याला पाठ होतं. कसं वाजायचं याला त्याच्याकडे शब्द नव्हते. ते खातं बायकोकडे होतं. ती म्हणायची, आज हिरडी सुजल्यासारखं ऐकू येतंय, आणि तो जाऊन बघायचा तर सुईला खरंच धुळीचा गोळा लागलेला असायचा. तो दुकानदाराला म्हणाला, ऐकल्यावर सांगतो. दुकानदाराने त्याला खुर्चीत बसवलं, त्याने बरोबर नेलेली रेकॉर्ड लावली. व्हायोलिनचा ताफा आणि बाकीची तंतुवाद्यं. ती रेकॉर्ड त्याला वाटेसारखी ठाऊक होती. त्याने डोळे मिटले आणि थोड्याच वेळात उघडले. कुठेतरी खुपत होतं. दुसऱ्याच्या घरात अंधारात दिव्याचं बटण शोधताना हात चुकीच्या भिंतीवर फिरावा तसं. दुकानदाराने दुसरं कार्ट्रिज लावलं. तेच. तिसऱ्याला त्याच्या लक्षात आलं. व्हायोलिनं डावीकडून येत होती आणि भारी आवाजाची वाद्यं उजवीकडून. तो उठला आणि खात्यात बोलायचा त्या आवाजात म्हणाला, तुमचे स्पीकर उलटे लागलेत.

दुकानदार हसला नाही. तो मागे गेला, वायरी बघितल्या, पुढे आला. दुसरी एक रेकॉर्ड लावली, ती फक्त तपासायचीच होती. तिच्यात एक माणूस 'डावा' म्हणाला तो डावीकडून आणि 'उजवा' म्हणाला तो उजवीकडून. मग दुकानदाराने काड्यापेटीतलं टोक घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि कार्ट्रिजच्या मागच्या चार पिना बघितल्या. पिनांवरचे रंग केव्हाच उडाले होते, पण त्या कंपनीच्या पिना त्याला पाठ होत्या.

"उलटं तुमच्या घरी आहे," तो म्हणाला. "डावीच्या तारा उजवीला, उजवीच्या डावीला. कुणी जोडलं?"

"घरीच."

"होतं असं. चार पिना, चार तारा, कुणाच्याही हातून होतं." भिंग काढून त्याने याच्याकडे बघितलं. "पण तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही?"

तो म्हणाला, गाणारी दोन्हीकडून सारखीच येते, मधोमध. ते खरं होतं. पण सगळ्याच रेकॉर्डी गाणाऱ्यांच्या नव्हत्या. दुकानदाराने चहा मागवला. मग विचारलं, काय करायचं, नवं की जुनं. हा म्हणाला, जुन्यालाच सुई बसवा. दुकानदार म्हणाला, अहो, नवी सून आणायची सोडून म्हाताऱ्या सासूला दात कसले बसवताय. याला हसू आलं. ते एवढं मोठ्याने आलं की चहावाला जिन्यात वळून बघायला लागला, आणि आपला विनोद एवढा चांगला होता हे माहीत नसल्यासारखा दुकानदार खूश झाला. हसणं थांबल्यावर दुकानदाराने विचारलं, तारा मी सरळ करून देऊ का? नको, हा म्हणाला. पाठवताना सोडवा, परत मी घरी जोडीन.

तो चालत घरी निघाला. रस्त्यात एक दुकान रंगवत होते, पाट्या उतरवून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्याच्या डोक्यात एक सभागृह आलं. लग्नानंतर काही वर्षांनी, मुलीला ताईकडे ठेवून, ते दोघं वाद्यवृंद ऐकायला गेले होते. तिकिटं लॅबमधल्या कुणीतरी दिली होती. पडदा वर गेला आणि त्याने बघितलं तर व्हायोलिनवाले डाव्या बाजूला बसलेले. तो तिच्याकडे वळून म्हणाला, उलटे बसलेत. ती म्हणाली, त्यांच्या बाजूने बरोबर असतील. तेव्हा त्याला ते नेहमीचं तिचं बोलणं वाटलं होतं, म्हणजे समोरच्याला सांभाळून घेणारं. मध्यंतरात त्याने शेजारच्या अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं होतं की आजकाल कशाही जागा देतात, शिस्त राहिली नाही. गृहस्थ मान हलवत होते. ती पिशवीत काहीतरी शोधत होती. बराच वेळ शोधत होती. आता रस्त्यावर त्याला तिची खाली घातलेली मान दिसत होती, पण ती हसत होती की खरंच शोधत होती ते दिसत नव्हतं. मान खाली घातलेल्या माणसाचे दात दिसत नाहीत.

जोडलं तिनेच होतं. घर नवं, प्लेयर जुना घेतलेला, स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरं कापड पसरलेलं. लॅबमधला चिमटा तिच्या हातात, टॉर्च आणि चित्राचा कागद याच्या हातात. चित्रात चार ठिपके, दोन डावीचे, दोन उजवीचे. तारांवर रंग होते, पिनांवर नव्हते. ती ते टोक चिमट्याने धरून स्वतःकडे तोंड करून बघत होती, जबडा बघावा तसं, आणि तिने विचारलं होतं, डावी म्हणजे कुणाची डावी? तिच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा. डावी दाढ म्हटली की ती त्या माणसाची डावी. बघणाऱ्याची ती उजवी. साच्यावर काम करताकरता हे तिच्या अंगात एवढं मुरलं होतं की घरातसुद्धा डावं-उजवं ती नेहमी समोरच्याचं बोलायची. तुमच्या डाव्या गालाला साबण राहिलाय म्हणायची आणि तो डाव्याच गालाला असायचा. बाकी सगळं जग स्वतःचं डावं बोलतं. तो टॉर्च धरून कंटाळला होता. म्हणाला होता, डावी म्हणजे डावी, त्यात कुणाची काय. बरं, ती म्हणाली होती. आणि जोडल्या होत्या.

म्हणजे ही तिच्या धंद्यातली सवय, चूक म्हणायची तर चूक. असं त्याने ठरवलं आणि दोन दिवस ते ठरलेलं राहिलं. ऑफिसात त्याने काटे तपासले. एक काटा खोटा निघाला, त्याने तसा शेरा मारला, आणि काटेवाला म्हणाला, साहेब, पण एवढी वर्षं गिऱ्हाईकाची तक्रार नाही. गिऱ्हाईकाला कुठे कळतं, तो म्हणाला, आणि पुढचं बोलायच्या आत थांबला. बायको कधी चुकायची नाही, हे त्याच्या मनात येत होतं. लॅबमध्ये इतक्या वर्षांत तिचा एक दात परत आला नव्हता. तिने विचारलं होतं. विचारलं म्हणजे तिला दोन्ही बाजू दिसत होत्या. त्याने उत्तर दिलं नाही तेव्हा तिने दोन्हींतली एक घेतली. कुठली घेतली ते तिला माहीत असणार. मग सभागृहात तिला माहीत होतं का? आणि पुढे दर सुट्टीला समोर बसून, तो डोळे मिटून ऐकायचा तेव्हा?

मुलीला फोनवर यातलं काही सांगितलं नाही. ती म्हणत होती, बाबा, आता सगळं फोनवर मिळतं, सुई नाही नि काडी नाही. ताईला मात्र त्याने विचारलं, आडवळणाने. तुमची बहीण गाण्याबद्दल कधी काही बोलायची का?

"गाण्याबद्दल नाही. तुमच्याबद्दल बोलायची," ताई म्हणाली. "म्हणायची, ह्यांनी डोळे मिटले की मी सुया खाली ठेवते आणि बघत बसते. दिवसभर नुसते दात बघायचे, तेवढाच एक अख्खा माणूस बघायला मिळतो, तोही गप्प."

"मला वाटलं तिला उजेड लागतो विणायला."

"कसलं विणायला? एक स्वेटर सात वर्षं चालला होता तिचा. तुमच्या लक्षात आलं नाही?"

या महिन्यात हा प्रश्न त्याला दुसऱ्यांदा विचारला गेला होता. तो म्हणाला, नाही. ताईने विचारलं, मशीन लावता का मग अधूनमधून? लावीन, तो म्हणाला.

कार्ट्रिज परत आलं तेव्हा दुकानदाराने ते स्वतः भिंगाखाली दाखवलं. नवी काडी सरळ, टोकाला सुई, एक ठिणगी दिसावी तेवढी. फडक्यापासून जपा, तो म्हणाला. पहिले काही दिवस जरा कोरडं वाजेल, मग रुळेल. घरी येऊन त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरं कापड पसरलं. बायकोचा चिमटा तिच्या कपाटात होता, ताईने तोही पुसून ठेवला होता. टॉर्च धरायला कुणी नव्हतं म्हणून त्याने तो डब्याला टेकवून ठेवला. कार्ट्रिज टोकाला लावलं, दोन्ही स्क्रू थोडे थोडे करून आवळले, टोक दांड्याला बसवलं, प्लेयरपाशी वाकून छोट्या काट्यावर भार मोजला. भार बरोबर आला. चार तारा राहिल्या. पांढरी, निळी, लाल, हिरवी. आता त्याला पिना माहीत होत्या, दुकानदाराने चित्र काढून दिलं होतं. सरळ जोडणं पाच मिनिटांचं काम होतं.

जोडायच्या आधी हात धुवावेत म्हणून तो उठला, आणि हात धुऊन परत येताना टेबलाकडे न जाता खिडकीखालच्या खुर्चीत जाऊन बसला. तिथे तो कधी बसला नव्हता. तिथून ऐकण्यात अर्थ नाही हे त्याने दोरीने मोजलेलं होतं. मागून उजेड येत होता. समोर त्याची खुर्ची होती, रिकामी, पाठीला डोक्याचा तेलकट डाग पडलेली. आपला डाग त्याने पहिल्यांदा बघितला. तेल नेमकं मधोमध होतं. एक स्पीकर त्याच्या डाव्या हाताला होता, एक उजव्या. डावीकडचा तो रोज उजवा म्हणायचा. तो हिशोब करायला लागला, बोटं धरून, काटा तपासावा तसा. तारा उलट्या होत्या. म्हणजे व्हायोलिनं त्या समोरच्या खुर्चीच्या उजव्या हाताला वाजत होती. म्हणजे इथून डाव्या. सभागृहात होती तशी. या खुर्चीतून सगळे जिथल्या तिथे बसलेले होते, इतकी वर्षं, दर सुट्टीला.

तिने मुद्दाम केलं असेल. किंवा सवयीने झालं असेल आणि मग, इथे बसून ऐकल्यावर, तिने ते राहू दिलं असेल. किंवा तिला काहीच कळलं नसेल, ती गाणं ऐकतच नसेल, नुसती समोर बघत असेल. तिन्हींत तारा त्याच पिनांना होत्या. त्याच्या खात्यात अशा वेळी वजन बदलून बघतात. इथे दुसऱ्या पारड्यात घालायला काही नव्हतं. सरळ जोडल्या तर त्याच्या खुर्चीतून बरोबर वाजेल, जगात सगळीकडे वाजतं तसं, आणि इथून उलटं वाजेल, जिथे आता कुणी बसत नाही. होत्या तशा जोडल्या तर तो पुन्हा समोर बसून उलटं ऐकेल, या वेळी माहीत असून. तिसरं म्हणजे होत्या तशा जोडायच्या आणि आपणच इथे बसायचं. तेव्हा समोरच्या खुर्चीत कोण आहे ते बघावं लागेल.

शेजारचं भिंतीचं काम केव्हाच संपलं होतं. ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर आलं. त्याने उठून प्लेयरवर झाकण घातलं. त्या दिवसापासून ते तसंच आहे. ताई दोनदा येऊन गेली, तिला त्याने सांगितलं की पुसायचं झालं तर झाकणावरूनच पुसा. सुई नवी आहे, भार मोजलेला आहे, स्क्रू आवळलेले आहेत. चार तारा जोडायच्या राहिल्या आहेत.